दोन गाण्यांमधली खोली

१

डॉक्टरीण सकाळी दवाखान्याचं शटर वर करायची, दिवे लावायची आणि अंगात पांढरा कोट चढवण्याआधी खिडकीतल्या डबीचं बटण दाबायची. डबी म्हणजे गाणी वाजवणारं एक यंत्र, साबणाच्या वडीएवढं. ते सुरू झालं की पिंजऱ्यांमधली कुरकुर हळूहळू खाली बसायची.

तिचे पेशंट म्हणजे कुत्री, मांजरं, एखादा पोपट, कुणाचा ससा. एकदा तर शाळेतलं कासव आलं होतं, आणि त्याच्याबरोबर अख्खा वर्ग. भिंतींना पांढऱ्या फरशा, मध्ये स्टीलचं टेबल, मागच्या खोलीत पिंजरे आणि सगळीकडे औषधाचा आणि ओल्या केसांचा मिळून एक वास. वरच्या मजल्यावर घर. घरात ती आणि तिची सासू.

डबीतली गाणी नवऱ्यानं भरली होती. तो बस चालवायचा आणि गाणी जमवायचा. चांगली-वाईट असा भेद त्याच्याकडे नव्हता. अंगाईगीतं, बँडच्या धुना, नावाड्यांची गाणी, कुणीतरी हरवलेल्या चपलेवर केलेलं एक भयानक विनोदी गाणं, सगळं एकाच कार्डात कोंबलेलं. यंत्र त्यातलं कुठलंही उचलून कुठल्याही मागं लावायचं. "कुत्र्यांना बातम्या नकोत गं, गाणी हवीत," असं म्हणत त्यानं ते इथं आणून ठेवलं होतं.

आणि त्या दोघांचा एक खेळ होता. प्रश्न विचारायचा, बटण दाबायचं, जे गाणं लागेल ते उत्तर. आज बाहेर जेवायचं का? पाहुण्यांना काहीतरी कारण सांगून टाळायचं का? उत्तराचा अर्थ लावायचा हक्क नवऱ्याचा. युद्धाचं गाणं लागलं तरी तो त्यातून बाहेर जेवायला जायचंच काढायचा. ती म्हणायची, "तू लबाड आहेस." तो म्हणायचा, "मी काय केलं? गाण्याचा कौल आहे."

एका सकाळी स्टँडवर बस लावून, इंजिन बंद करून, चावी हातात घेऊन तो सीटवरच गेला. बस रिकामी होती. मागची बस सुटायला वाट मिळेना म्हणून कुणी वर चढलं, तेव्हा कळलं.

त्यानंतर डबी वाजत राहिली, पण खेळ बंद पडला. एकट्यानं कसा खेळणार?

२

मग एक दिवस एक शिंपी आपला तपकिरी कुत्रा दोन्ही हातांवर घेऊन आला. कुत्र्यानं उंदराचं विष खाल्लं होतं. डॉक्टरिणीनं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि आता वाट बघण्यापलीकडे काही उरलं नाही तेव्हा हात पुसता पुसता तिच्या तोंडून निघून गेलं, "काय रे, वाचेल का हा?"

विचारलं ते तिनं नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या माणसाला. तेवढ्यात चालू गाणं संपलं आणि दुसरं लागलं. शाळेत मुलं म्हणतात तसलं, उठा उठा, ऊन आलं, अंथरूण गुंडाळा. संध्याकाळी कुत्रा उठून उभा राहिला आणि शिंप्याच्या पँटीवर मुतला. शिंपी आनंदानं रडला.

ती हसली आणि विसरून गेली. पण नंतर पुन्हा विचारलं. मग पुन्हा. म्हाताऱ्या मांजरीसाठी विचारलं तर दूरच्या प्रवासाचं गाणं लागलं आणि मांजरी दुपारच्या आत गेली. पोपटासाठी विचारलं तर ते चपलेचं गाणं लागलं. पोपट अगदी ठणठणीत निघाला, मालकाच्या बोटाला मात्र टाके घालावे लागले.

डॉक्टरीण भाबडी नव्हती. ती स्वतःला समजावायची, बाई गं, इतकी वर्षं जनावरं बघतेस. हात लावल्याबरोबर तुला आतून कळलेलंच असतं. गाणं निमित्त. लागलेलं आठवतं, चुकलेलं विसरतो.

फक्त चुकलेलं एकही तिला आठवेना.

३

खटकलं ते वेगळंच.

यंत्राला विचार करावा लागत नाही. एक गाणं संपलं की दुसरं लगेच चिकटून लागायचं, श्वास घ्यायलाही उसंत नाही. इतकी वर्षं तसंच होतं. आता मध्ये फट पडायला लागली. गाणं संपायचं, क्षणभर काहीच नाही, मग दुसरं. साध्या प्रश्नाला फट एवढीशी. जनावर जगणार नसेल तर मोठी.

नवरा तसाच होता. वाईट बातमी सांगायची असली की आधी गप्प बसायचा. जिभेवर शब्द फिरवून बघायचा, कुठला कमी टोचेल.

ही आठवण आली तेव्हा ती एका बोक्याचे दात तपासत होती. हात तिथंच थांबला. साफसफाई करणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय झालं हो बाई?"

"मावशी, गाण्यांच्या मध्ये थांबतंय का हे?"

"थांबतंय की. कधीपासून." मावशींनी फडकं पिळलं. "म्हटलं, म्हातारं झालं असेल. मी पण थांबते आताशा जिन्यात."

दवाखान्यातच राहणारा एक एकाक्ष बोका होता. सगळे त्याला मुकादम म्हणत, कारण दिवसभर तो उंचावर बसून इतरांच्या कामावर लक्ष ठेवायचा. तो आजवर एकाच माणसाच्या मांडीवर बसला होता. त्या दिवशी फट पडली तेव्हा मुकादम कपाटावरून खाली उतरला, शेपूट उभं करून खिडकीपाशी गेला आणि डबीच्या शेजारी हवेलाच गाल घासू लागला. गाणं लागल्यावर थांबला आणि कुणीतरी मध्येच उठून गेल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं डबी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं कार्ड काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. "जुनं झालंय. वाचायला वेळ लागतो." मग त्यानं सगळी गाणी नव्या कोऱ्या कार्डात उतरवून दिली आणि वाजवून दाखवलं. एकामागं एक, फट म्हणून नाही. तिला हायसं वाटलं, आणि रडूही आलं. दुरुस्तीवाला बिचारा घाबरला. "अहो, पैसे नाही घेतले तरी चालेल."

तिनं डबी परत आणून खिडकीत ठेवली. पहिलं गाणं संपलं. आणि यंत्र थांबलं.

४

ती फट कोरी नव्हती, हे कान लावल्यावर कळलं.

डबीच्या जाळीला कान टेकवला की तिथं एक खोली होती. दुसरं काही म्हणता येत नाही. बंद खोलीला स्वतःची अशी एक शांतता असते, भिंती किती लांब आहेत ते त्या शांततेत ऐकू येतं. ती शांतता दवाखान्याची नव्हती. तिथं फरशा नव्हत्या, पिंजरे नव्हते. कुठंतरी पंखा फिरत होता. एकदा खुर्ची सरकली. एकदा कुणीतरी लांब, बारीक फुंकर घातली, थांबून पुन्हा घातली.

ती सरळ उभी राहिली आणि मागं सरकली तेव्हा औषधांचा ट्रे खाली पडला. गाणं सुरू झालं, बँडची जोरदार धून. पिंजऱ्यातली सगळी कुत्री एकदम भुंकली.

वरून सासू ओरडली, "काय गं, काय फोडलंस?"

"काही नाही आई."

"काही नाहीचा एवढा आवाज?"

म्हातारी काठी टेकत जिना उतरून खाली आली. तिला दमेकऱ्यासारखा श्वास लागला होता, पण नजर तल्लख. सुनेचा चेहरा बघितला आणि तिनं पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पेशंटच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मला पण ऐकव. तू इतके दिवस कान लावून काय ऐकतेस ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मावशीनं. आम्ही दोघी तुझ्याविषयी बोलतो, तुला माहीत नाही?"

बँड संपला. सुनेनं डबी उचलून म्हातारीच्या कानाशी धरली. म्हातारीनं डोळे मिटले. फट लांबत गेली. मुकादम तिच्या पायाशी येऊन बसला.

गाणं लागल्यावर म्हातारीनं डोळे उघडले. ते भरले होते, पण ओठांवर हसू होतं.

"चहा फुंकतोय," ती म्हणाली. "लहानपणापासून असाच. जीभ पोळेल म्हणून दहादा फुंकायचा आणि गार झाला म्हणून माझ्यावरच रागवायचा."

सासूनं सुनेचा हात ओढून तिला आपल्याशेजारी बसवलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या, एखाद्याच्या दाराशी बेल वाजवून थांबावं तशा.

५

त्यानंतर रोज दुपारी दवाखाना बंद असताना म्हातारी खाली यायला लागली. ती काही विचारायची नाही. नुसती ऐकायची. जेवायला लागली नीट, झोपायला लागली. सुनेला वाटलं, जे काय आहे ते वाईट नाही. दिवसाउजेडी येतं, चहा पितं, कुणाकडे काही मागत नाही.

एका दुपारी दोघी डबीला दोन बाजूंनी कान लावून बसल्या होत्या. फट पडली. पंखा. फुंकर. आणि मग लांबून, जणू बाहेरच्या व्हरांड्यातून, एक आवाज येऊ लागला. टक. पाय घासल्याचा आवाज. टक. पुन्हा पाय.

डॉक्टरिणीनं झटकन वळून बघितलं. सासूची काठी तिच्या मांडीवर आडवी पडली होती. दोन्ही हात त्यावर शांत होते.

गाणं सुरू झालं.

"माझीच काठी," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज बदलला नव्हता. "खालची लोखंडी टोपी सैल झालीय ना, म्हणून असा फुटका आवाज येतो."

"आई, जगात काठ्या काय कमी आहेत?"

"डावा पाय ओढत चालणाऱ्या?"

त्याच आठवड्यात तिनं सासूला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, पोटाचं काय ते बघितलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. "मी सांगतच होते," म्हातारी परत येताना म्हणाली, "पण तुला सुया टोचल्याशिवाय करमत नाही."

डॉक्टरिणीनं घरी आल्याबरोबर काठीची लोखंडी टोपी काढून टाकली आणि जाड रबराचं बूच बसवलं. घरात फिरताना काठीचा आवाजच येईना. ती मनाशी म्हणाली, आता वाजवून दाखव.

दुसऱ्या दुपारी फट पडली. तिनं म्हातारीला बाजूला सारून एकटीनंच कान लावला.

धप्. पाय घासल्याचा आवाज. धप्. रबराचा आवाज होता. आणि आता व्हरांड्यात नव्हता, उंबऱ्यापाशी होता.

तिनं बटण बंद केलं, कार्ड उपसून काढलं आणि डबी औषधांच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. आपण जे जे करू ते तिकडे आधीच पोचलेलं असतं, हे तिला त्या रबरानं सांगितलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, ते सांगणाऱ्याला ती ओळखत होती. त्याच्यावर तिचं प्रेम होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटत होती.

६

कुलूप लागलं आणि म्हातारी खाली यायची बंद झाली. तिनं भांडण केलं नाही, ताट मात्र अर्धं सोडून उठायची. सून दिवसातून कितीतरी वेळा वर जाऊन तिची नाडी बघून यायची. झोपलेली असली तर नाकाशी बोट धरायची.

एकदा म्हातारीनं ते बोट पकडलं. "अगं, मी मांजर आहे का?"

"मला तुम्हाला जाऊ द्यायचं नाही." एवढं सरळ ती कधी बोलली नव्हती.

"माहीत आहे." म्हातारीनं तिला शेजारी बसवून घेतलं. "पण तू कुलूप लावलंस म्हणून रस्ता बदलणार आहे का? मी उंबऱ्यापर्यंत पोचलेय, तुझ्या तोंडावरून कळलं मला. तिथं ताटकळत ठेवू नकोस. माझे पाय दुखतात."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मला त्याला एक विचारायचंय. तो गेल्यापासून विचारायचंय. तू तुझ्या कुत्र्या-मांजरांचं सगळं विचारून घेतलंस. मला एक विचारू दे."

सून उठली, सासूला हाताला धरून एकेक पायरी खाली घेऊन आली, कपाटाचं कुलूप काढलं, डबीत कार्ड परत घातलं आणि बटण दाबलं. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. शिंप्याचा तपकिरी कुत्रा लस टोचून घ्यायला आला होता आणि मालक येईपर्यंत मोकळाच होता. तो येऊन म्हातारीच्या पायावर हनुवटी टाकून पडला.

एक गाणं वाजून संपलं. म्हातारी डबीकडे वाकली आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"काय रे, शेवटी एकटा होतास. घाबरला होतास का?"

फट पडली.

या वेळी कान लावायची गरज नव्हती. खोली दवाखानाभर पसरली. पंख्याची घरघर वरून यायला लागली, आणि दवाखान्यात छताला पंखा नव्हता. धप्. उंबरा ओलांडला गेला. पावलं जवळ आली, थांबली. खुर्ची ओढली गेली, पायानं ओढतात तशी, दोन्ही हात दुसऱ्या कुणाला तरी धरायला गुंतलेले असताना. मग कुणीतरी खाली बसलं आणि लांब सुस्कारा सोडला. तो सुस्कारा डॉक्टरीण रोज ऐकत आली होती. जिना चढून आल्यावर सासू सोडायची तो.

तिनं सासूकडे बघितलं. सासूचे ओठ मिटलेले होते. ती ऐकत होती, मान किंचित कलती करून.

आणि डबीतून, अगदी जवळून, एक सूर आला. शब्दही नव्हता पुरता. लहान मुलाला उत्तर ठाऊक असतं तेव्हा ते 'नाही' म्हणायच्या आधी हसत मान हलवतं ना, तसा नुसता 'अंहं'.

गाणं लागलं. नावाड्याचं संथ गाणं होतं, किनारा दिसला, वल्ही आत घ्या, आता पाणीच नेईल. म्हातारीनं सुनेचा हात थोपटला. "ऐकलंस?" ती म्हणाली. "नाही घाबरला."

गाणं संपेपर्यंत हात तसाच सुनेच्या हातावर होता. पण थोपटणं मध्येच कधीतरी थांबलं होतं. कुत्र्याच्या ते आधी लक्षात आलं. त्यानं हनुवटी उचलली, म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कुणी न सांगता तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

७

लोक आले, गेले. मावशींनी कितीतरी दिवस डॉक्टरिणीला घरी एकटं जेवू दिलं नाही. दवाखाना पुन्हा उघडला. डबी खिडकीतच होती, पण तिला कुणी हात लावत नव्हतं, आणि पिंजरे दिवसभर कुरकुरायचे.

शेवटी मावशीच म्हणाल्या, "बाई, लावा ना काहीतरी. या भुंकण्यानं डोकं उठलंय."

डॉक्टरिणीनं बटण दाबलं. अंगाई लागली. मग बँड लागला, मग कुठलं तरी प्रेमगीत, मग पुन्हा बँड. एकाला एक चिकटून. फट नाही. मावशी फरशी पुसून, उद्या लवकर येते म्हणून निघून गेल्या. शेवटचा पेशंट गेला. बाहेर अजून ऊन होतं. ती टेबल पुसत राहिली, आणि आपण थांबलोय हे स्वतःलाही न कळू देता थांबून राहिली.

तिनं काहीच विचारलं नव्हतं. तरी पुढचं गाणं संपलं तेव्हा फट पडली.

मुकादम कपाटावर उठून बसला.

पंखा. कपबश्यांची किणकिण. दोन माणसं हलक्या आवाजात बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याचा चढउतार तिला पाठ होता. म्हातारी तक्रार करतेय, तो हसत ऐकून घेतोय. डॉक्टरीण उभ्या उभ्या हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं कोटाच्या बाहीला पुसलं.

मग बोलणं थांबलं. आपण बोलत असताना दारात कुणी आलं की थांबतं तसं.

आणि एक खुर्ची ओढली गेली. सावकाश, अदबीनं, पाहुण्यासाठी ओढतात तशी. ती ऐकत राहिली. कुणी बसल्याचा आवाज आला नाही. पावलं नव्हती, सुस्कारा नव्हता. तिकडे खुर्ची रिकामी होती आणि दोघं गप्प राहून वाट बघत होते.

बटण हाताच्या अंतरावर होतं, पण हात उचलेना. आणि खरं सांगायचं तर एक क्षण, एकच, तिला तिथं जाऊन बसावंसं वाटलं. पाय सोडून, दिवसभराचं सांगत.

मागच्या खोलीत कुठलंसं पिल्लू कुईं कुईं करायला लागलं. त्याच्या दुधाची वेळ झाली होती.

"इतक्यात नाही हं," ती डबीला म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली. "ऐकताय ना? माझी कामं पडलीत इथं. इतक्यात नाही."

फट लांबली. किती लांबली, कोण जाणे. पिल्लू रडत होतं आणि ती त्याच्याकडे वळू शकत नव्हती.

मग तिकडे खुर्ची हळूच पुन्हा आत सरकवली गेली. आणि ते चपलेचं भयानक गाणं लागलं.